नांगर टाकला म्हणून निभावले



या खेपेस तुम्हाला शेतापासून जरा लांब, थेट समुद्रावर नेणार आहे. पण काळजी नको, परत आणून सोडीन ते तुमच्याच गोठ्यामागे, जिथे डिझेलचे पिंप उभे असते तिथे. कारण ज्या चुकीपायी भर समुद्रात माझ्या तोंडचे पाणी पळाले, तीच चूक मी घरी कित्येक वर्षे बिनघोर करीत होतो. तुमच्यापैकीही पुष्कळजण करीत असतील. म्हणून सांगतो.

माझा एक भाचा गोव्याला, पणजीजवळ, एका शिडाच्या नौकेच्या देखभालीला आहे. मालक परगावी असतो. नौका धुणे-पुसणे, शिडे-दोर बघणे, इंजिन सांभाळणे हे सगळे भाच्याकडे. "मामा, एकदा येऊन तर जा," असे त्याचे दोन वर्षे टुमणे चालले होते. सोयाबीन घरात आले, रब्बीच्या पेरणीला आठ दिवस अवकाश होता, तेव्हा गेलो.

नौका बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, शिडाच्या नौकेला इंजिन कशाला?"

भाचा हसून म्हणाला, "मामा, दावणीला बैल असताना तुम्ही ट्रॅक्टर का आणलात?"

मग त्याने समजावून दिले. वारा आपल्या सोयीने वाहत नाही. बंदरात शिरताना, अरुंद जागेत वळताना, किंवा वारा अगदी पडला की शिडे नुसती लोंबत राहतात. तेव्हा इंजिन हवे. शिवाय दिवाबत्तीच्या बॅटऱ्याही त्याच्यावरच भरायच्या. म्हणजे रोजचे काम वाऱ्याचे, इंजिन अडीनडीला. महिनोन्‌महिने ते बसून असते, पण ज्या दिवशी लागते त्या दिवशी त्याच्यावाचून चालत नाही.

शिडाच्या नौका म्हणजे नुसती श्रीमंतांची हौस असे समजू नका. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा केली ती इंग्लंडच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ साली, ३१२ दिवसांत. त्यांची 'सुहेली' नावाची नौका आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली होती. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. ऑगस्ट २००९ मध्ये ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. त्यांची 'म्हादेई' नौका गोव्यातच, मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधली गेली. मांडवीलाच वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात, त्या नदीचेच नाव नौकेला दिले. भाचा हे सगळे अशा अभिमानाने सांगत होता, की जणू दोरखंड त्यानेच वळले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. जमिनीवरून येणारा मंद वारा होता. शीड फुगले, नौका सळसळत मांडवीच्या मुखाबाहेर पडली. डावीकडे काबोचे टोक, उजवीकडे आग्वादचा किल्ला. मे महिन्यानंतर नौका प्रथमच बाहेर निघाली होती. दोन तास मोठ्या मजेत गेले. मग ऊन चढले आणि वारा पडला, अगदी पानही हलणार नाही असा. लाटा मात्र होत्या. नौका पाळण्यासारखी इकडून तिकडे डुलू लागली आणि माझ्या पोटात ढवळू लागले. ओहोटी सुरू झालेली. नदीचे पाणी आम्हाला हळूहळू ढकलत होते, आणि नदीच्या मुखाशी वाळूचे उथळ पट्टे आहेत, तिथे लाटा फुटून पांढऱ्या होत होत्या.

"काळजी नको मामा, इंजिन लावतो," भाचा म्हणाला. इंजिन पहिल्या झटक्यालाच लागले. दहा मिनिटे छान चालले. मग आवाज बदलला. धाप लागल्यासारखे ते वर-खाली होऊ लागले, दोनदा खोकले आणि बसले.

त्या क्षणी एकदम जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. फुटणाऱ्या लाटांचा आवाज तेवढा येत होता.

भाचा इंजिनाकडे धावला नाही. तो आधी नाकाडावर गेला आणि त्याने नांगर टाकला. साखळी खडखडत खाली गेली, दोर ताठ झाला, नौका वळून थांबली. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आता सवड मिळाली."

बघा मंडळी, आपला नांगर चालवायचा असतो आणि त्यांचा टाकायचा असतो. पण अडचणीत नांगरच उपयोगी पडतो हे दोन्हीकडे सारखेच!

इंजिनाच्या खोपटात त्याने मला कंदिलासारखी एक काचेची वाटी दाखवली. डिझेल टाकीतून निघाले की आधी या वाटीच्या फिल्टरमध्ये येते. पाणी जड, ते खाली वाटीत बसते आणि डिझेल वरून पुढे जाते. त्या वाटीत खाली दोन बोटे पाणी होते. पाण्यावर तपकिरी-काळी, बुळबुळीत साय धरली होती, शेवाळासारखी. फिल्टरचा कागद उलगडला तर काळ्या लोण्याने माखल्यासारखा.

"ही घाण आली कुठून? तू तर म्हणालास डिझेल चांगल्या पंपावरचे आहे."

भाच्याने मान खाली घातली. "डिझेल चांगलंच होतं मामा. मे महिन्यात नौका बांधून ठेवली तेव्हा टाकी निम्मी रिकामी होती. भरून ठेवायला पाहिजे होती. मालकांकडे पैसे मागायला संकोच वाटला. म्हटलं, चार महिने नुसतं पडून राहणार, कशाला भरा?"

त्याने फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली, इंजिन सुरू केले. पाच मिनिटांत ते पुन्हा बसले. टाकीच्या तळाचा सगळा गाळ लाटांनी ढवळून वर आलेला; नवा फिल्टरही तुंबला. मग पठ्ठ्याने युक्ती केली. आदल्या दिवशी आणलेला वीस लिटरचा नवा डिझेलचा कॅन जवळ होता. टाकीची नळी काढून त्याने कॅनमध्ये सोडली, इंजिनाकडून परत येणारी नळीही त्यातच घातली, शेवटचा शिल्लक फिल्टर चढवला, पुन्हा हवा काढली. या वेळी इंजिन लागले ते धक्क्याला लागेपर्यंत बंद पडले नाही. पण मधला दीड तास आम्ही दोघे त्या एका दोराच्या भरवशावर होतो.

धक्क्यावर एक म्हातारे तांडेल जाळे विणत बसले होते. आमची कहाणी ऐकून ते एवढेच म्हणाले, "इंजिन चालून मरत नाही, बसून मरतं." किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेवढे दोन महिने इंजिनाकडे ज्याने दुर्लक्ष केले, त्याला नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर ते दुर्लक्ष भोवते, असे त्यांचे म्हणणे.

परतीच्या एस.टी.त मला झोप आली नाही. कारण तांडेलांचे ते वाक्य ऐकताच मला माझा मागल्या सालचा कांदा आठवला होता.

आमच्या विहिरीवर विजेची मोटर आहे, आणि वीज दगा देईल तेव्हासाठी पाच अश्वशक्तीचे जुने डिझेल इंजिन आहे. पावसाळाभर ते झाकून ठेवतो. मागल्या साली उन्हाळी कांद्याची लागण झाली आणि तिसऱ्याच दिवशी आमच्याकडचा रोहित्र जळला. इंजिन लावले, अर्धा तास चालले आणि बसले. मिस्त्री आला, त्याने नोझल आणि पंप काढून तालुक्याला नेला. साडेचार हजार रुपये गेले त्याचे दुःख नाही. पण सहा दिवस रोपांना पाणी मिळाले नाही. एकरातला जवळजवळ निम्मा कांदा वाळून गेला. मी त्या वेळी डिझेलवाल्याला शिव्या दिल्या, मिस्त्रीला दिल्या, नशिबाला दिल्या. आमच्या घरातून मात्र पावसाळ्यात दोनदा मला सांगितले गेले होते, "अहो, त्या पिंपाच्या डोक्यावर पाणी साचतंय, जरा बघा ना." मी म्हणालो होतो, "लोखंडाचे पिंप आहे, बूच घट्ट आहे, पाणी काय आत जातंय!"

आता ते पाणी आत कसे जाते ते ऐका. मला हे भाच्याने सांगितले आणि मी घरी येऊन डोळ्यांनी पाहिले.

निम्मे रिकामे पिंप किंवा टाकी श्वास घेते. दिवसा उन्हाने आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून, झाकणाच्या भोकातून बाहेर पडते. रात्री गारवा आला की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. ही हवा पावसाळ्यात दमट असते. पहाटे गवतावर दव पडते तसेच टाकीच्या आतल्या गार पत्र्यावर दव धरते आणि ओघळून खाली जाते. एका रात्रीचे ते चार थेंब असतील. पण थेंबे थेंबे तळे साचे, आणि हे तळे बरोबर टाकीच्या तळाशी साचते. कारण एक लिटर पाणी एक किलो भरते आणि एक लिटर डिझेल सुमारे ८३० ग्रॅम. जड ते खाली.

उभ्या पिंपाचे तर याहून वाईट. डोक्याच्या खोलगट पत्र्यावर पावसाचे पाणी साचते आणि बूच त्यात बुडते. रात्री पिंपाने श्वास आत घेतला की हवेऐवजी हे पाणीच आट्यांतून आत ओढले जाते. बूच कितीही आवळा. ट्रॅक्टरच्या टाकीच्या झाकणाचा वायसर झिजला असेल तर तिथेही हाच प्रकार.

पाणी आले की पाठोपाठ तिसरा पाहुणा येतो, तो म्हणजे बुरशी आणि जिवाणू. तुम्ही म्हणाल, डिझेलमध्ये कोण जगणार? पण खनिज तेल मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात जगलेल्या सूक्ष्म जीवांपासूनच तयार झाले आहे. ते खाऊन पचवणारे जीवही निसर्गात आहेत. त्यांतल्या एका बुरशीचे शास्त्रीय नाव 'हॉर्मोकोनिस रेझिनी'. विमानांच्या इंधनाच्या टाक्यांतही तिने फार त्रास दिला आहे. हे जीव राहतात पाण्यात आणि खातात डिझेल, म्हणून दोहोंच्या सीमेवर त्यांची वस्ती होते. तीच ती बुळबुळीत साय. त्यांच्यापासून आम्ल तयार होते आणि ते टाकीचा पत्राही खाते. पण एक लक्षात ठेवा, पाणी नसेल तर ही वस्ती होत नाही. डासांना डबके लागते तसेच यांना टाकीतले पाणी लागते.

पुढेही हे सांभाळावे लागणार आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठरवले आहे. वनस्पती तेलापासून केलेले हे इंधन चांगलेच आहे, पण ते साध्या डिझेलपेक्षा पाणी जास्त धरून ठेवते.

एवढ्याशा पाण्याने इंजिनाचे काय बिघडते? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत घेतलेली हवा दाबून सोळा-अठरावा भाग करतात, त्याने ती ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते. डिझेल आपोआप पेटते. हा फवारा मारायला आपल्या जुन्या इंजिनातही सुमारे २०० हवेच्या दाबाइतका जोर लागतो. मोटारीच्या चाकात हवा भरतो त्याच्या शंभरपट. एवढा दाब धरून ठेवण्यासाठी पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांत फट ठेवतात ती दोन-तीन मायक्रॉनची. आपल्या डोक्याचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. त्या फटीत वंगण कोणते? डिझेल तेच वंगण. तिथे पाणी गेले की वंगण संपले, गंज चढला. धुळीचा कण गेला की ओरखडा पडला. आणि तापल्या नोझलच्या टोकात पाण्याची वाफ झाली तर टोकच तडकते. मग कांदा वाळतो.

गाळ एरवी तळाशी गुमान बसलेला असतो. भाच्याच्या नौकेत तो लाटांनी उठला. आपल्याकडे इंजिन बैलगाडीत घालून विहिरीवर नेताना उठतो, ट्रॅक्टर ढेकळांतून उधळताना उठतो. म्हणजे ऐन कामाच्या दिवशीच. म्हणून वाटते की इंजिन आज बिघडले. ते बिघडलेले असते चार महिने आधी, झाकून ठेवले त्या दिवशी.

घरी आल्या आल्या मी पिंप तपासले. युक्ती सोपी आहे, तुम्हीही करा. एक स्वच्छ, कोरडी, आरपार दिसणारी नळी घ्यावी. वरचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबून नळी सावकाश पिंपाच्या तळापर्यंत सोडावी. मग अंगठा उचलावा, तळाचे जे असेल ते नळीत चढते. पुन्हा अंगठा दाबून नळी बाहेर काढावी आणि काचेच्या बाटलीत रिकामी करावी. माझ्या नळीत खाली चार बोटे पाणी, त्यावर काळी साय, आणि वर डिझेल. तोंडाने ओढायची मात्र अजिबात नाही, त्याविषयी पुढे सांगतो.

आमच्या घरातून बाटलीकडे बघितले गेले, मग माझ्याकडे. बोलणे काही झाले नाही. त्यापेक्षा बोलणे झाले असते तर बरे वाटले असते!

आता आमच्याकडे जे नियम केले आहेत ते सांगतो.

पहिला नियम, टाकी संध्याकाळी भरावी. आपण सकाळी कामाला निघताना डिझेल ओततो. त्याऐवजी काम संपल्यावर ओतावे. टाकी भरलेली असली की रात्री आत हवाच नसते, मग दव कुठून धरणार? आणि रात्रभरात गाळही बसतो. हंगाम संपून इंजिन बसवून ठेवायचे असेल तर टाकी वरपर्यंत भरूनच ठेवावी. उन्हाने डिझेल फुगते म्हणून दोन बोटे जागा ठेवावी. झाकणाचा वायसर जुना असेल तर बदलावा. दहा-वीस रुपयांचा वायसर हजारोंचे काम वाचवतो.

दुसरा, पिंप उभे ठेवू नये. सावलीत, छपराखाली, दोन लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवावे आणि दगडाची पाचर लावून ते सरकणार नाही असे करावे. तोटीची बाजू दोन-तीन बोटे उंच ठेवावी, म्हणजे पाणी आणि गाळ मागच्या बाजूला जमतो आणि तोटीतून स्वच्छ डिझेल मिळते. नवे डिझेल भरल्यावर निदान एक दिवस-रात्र ते हलवू नये. पिंपात शेवटचे आठ-दहा लिटर उरतात, ते इंजिनात घालू नयेत. काचेच्या बरणीत निवळू द्यावे, वरचे स्वच्छ तेवढे घ्यावे. खालची घाण विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नये. आणि गरजेपेक्षा जास्त साठाच करू नये. सहा महिन्यांत संपेल एवढेच आणावे.

तिसरा, जस्ताच्या मुलाम्याची बादली किंवा डबा डिझेलला वापरू नये. जस्त आणि डिझेल यांचे पटत नाही. त्यातून बारीक पापुद्रे आणि चिकटा तयार होतो आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. मी पंधरा वर्षे त्याच बादलीने डिझेल ओतत होतो. आता ती गुरांच्या पाण्याला दिली असे म्हणणार होतो, पण डिझेलचा वास गुरेही ओळखतात. ती आता शेण भरायला आहे.

चौथा, ओतताना स्वच्छता. टाकीचे तोंड आधी पुसावे. मळणीच्या दिवसांत भुसा उडत असताना टाकी उघडू नये. नरसाळ्याला बारीक जाळी असावी. पुसायला कापसाचा बोळा किंवा धागे सुटणारी चिंधी घेऊ नये, ते धागेच आत जातात.

पाचवा, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, फिल्टरच्या किंवा टाकीच्या तळाचा नट सैल करून कपभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. ते निवळशंख दिसले तर ठीक. खाली पाण्याचा थर दिसला, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत राहावे. गढूळ, धुके धरल्यासारखे दिसले तर त्यात पाणी घुसळले गेले आहे असे समजावे. काळी साय दिसली तर टाकी उतरवून आतून धुवावी. बुरशी मारण्याची औषधे मिळतात, पण मेलेली बुरशीही फिल्टर तुंबवतेच, आणि औषध विषारी असते. आधी पाणी काढावे, टाकी धुवावी. औषधाचा विचार मग करावा.

सहावा, कागदी फिल्टर धुऊन पुन्हा घालू नये. धुतल्याने कागद फाटतो आणि घाण स्वच्छ बाजूला जाते. एक नवा फिल्टर, त्याचे वायसर आणि योग्य मापाचा पाना घरात कायम असू द्यावा. फिल्टर बदलला की हवा काढावी लागते. टाकीची तोटी उघडून फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करावा, बुडबुडे थांबून अखंड धार आली की आवळावा. मग तसेच पंपाच्या स्क्रूचे करावे. मिस्त्रीकडून हे एकदा शिकून घ्यावे, घरातल्या मुलामुलींनाही शिकवावे. चालत्या इंजिनाच्या नोझलपाशी मात्र बोट नेऊ नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो, आणि बाहेरून टोचल्याएवढी दिसणारी जखम बोट गमावण्यापर्यंत जाते. असे झाले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आयाबायांसाठी शेवटचे. डिझेल नळीने तोंडाने ओढण्याची घरातल्या पुरुषांची खोड मोडून काढा. ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत डिझेल कधी भरू देऊ नका. तपासायची आमची काचेची बाटलीही आता लाल रंग लावून उंच फळीवर ठेवली आहे. एखाद्या मुलाने डिझेल किंवा रॉकेल प्यायलेच, तर त्याला ओकारी काढू नका. ओकताना ते फुप्फुसात जाते. तसेच उचलून डॉक्टरकडे न्या.

मंडळी, या सगळ्याला खर्च किती? दोन ओंडके, एक नळी, एक बाटली, एक फिल्टर. मागल्या साली वाळलेल्या कांद्याच्या मानाने काहीच नाही. समुद्रात निदान नांगर टाकून थांबता येते. शेतात पाण्याची पाळी चुकली की पीक थांबत नाही, वाळते. तिथे टाकायला नांगर नाही.

या वर्षीची रब्बी बरी चालली आहे. आमचे पिंप छपराखाली आडवे झोपले आहे. पंधरा दिवसांनी सकाळी बाटलीत डिझेल घेऊन उजेडाकडे धरून बघण्याचे काम मात्र माझ्याकडे राहिलेले नाही. ते आमच्या घरातून होते. बाटली स्वच्छ निघाली की मला चहा मिळतो.

भाच्याचाही निरोप आला आहे. त्याने मालकांना सगळे खरे सांगितले. मालक रागावले नाहीत, म्हणाले, "डिझेलचे पैसे मागायला लाजलास, जीव मागायची वेळ आली असती." टाकी उतरवून धुतली आहे. येत्या मे महिन्यात ती काठोकाठ भरून ठेवणार आहे.

तुमचे इंजिन सध्या बसून असेल, तर आज संध्याकाळीच एकदा त्याच्याकडे चक्कर मारा. एवढे ऐकाच.